मेस्त्रींच्या दोन हमी

मेस्त्रींचं बिऱ्हाड एका टेम्पोत मावायचं, आणि त्यातलाही अर्धा टेम्पो संस्थेचा. तारेची रिळं, हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन, शिकवण्यासाठी मुद्दाम जाळलेल्या दोन मोटरी आणि वॉर्निशचा डबा हे संस्थेचं. लोखंडी पेटी, गादीची वळकटी, स्टोव्ह आणि तीन भांडी हे मेस्त्रींचं. दर तीन महिन्यांनी हे सगळं एका गावातून उचलायचं आणि दुसऱ्या गावात उतरवायचं. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं.

ही संस्था कुणा शेटजीची नव्हती आणि सरकारचीही नव्हती. ज्यांना बँकेच्या दारात कुणी उभं करत नव्हतं अशा चाळीसेक गावांतल्या माणसांनी आपापसात गट केले, दर आठवड्याला जमेल तेवढं टाकलं आणि त्यातूनच एकमेकांना कर्ज द्यायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या लक्षात आलं की नुसता पैसा हातात पडून भागत नाही, हातात कसबही लागतं. मग व्याजातून जे उरे त्यावर त्यांनी शिकवणारी माणसं पगारावर ठेवली. कुणी शिवण शिकवायचं, कुणी गवंडीकाम. मेस्त्री पंपाच्या जळलेल्या मोटरी पुन्हा भरायला शिकवायचे. जळलेली काळी तार उपसून काढायची, खाचा साफ करायच्या, त्यात कागद घालायचा आणि नव्या तारेचे मोजून फेरे भरायचे. एक फेरा चुकला तर मोटर महिनाभरात पुन्हा दारात येते. म्हणून मेस्त्रींचा पहिला धडा असा असायचा की, मोजताना कुणाशी बोलायचं नाही. बाप हाक मारत असला तरी हात वर करायचा आणि पुढचा आकडा म्हणायचा.

दुसरा धडा असा: "या संस्थेचा मालक कोण?" वर्गात चौदा-पंधरा बाया-माणसं बसलेली असत. कुणी संस्थेच्या सेक्रेटरीचं नाव घेई, कुणी गप्प बसे. मग मेस्त्री बोट रोखून एकेकाकडे वळत, "तू. तुम्ही. ताई, तुम्ही. या मशीनचे मालक तुम्ही आणि या रिळाचेही तुम्हीच. तेव्हा तार वाया घालवताना विचार करा." हे बोलताना त्यांचा आवाज चढायचा, आणि वर्ग ताठ बसायचा.

एका वर्षी पहिल्या बाकावरच्या, लंगडत चालणाऱ्या एका बाईने विचारलं, "मग मेस्त्री, यात तुमचा हिस्सा किती?"

"माझा? माझा कुठला? मी नोकर."

"म्हणजे आम्ही मालक आणि तुम्ही नोकर?" बाई मागे वळून म्हणाली, "बघा गं, आपल्याला नोकर मिळाला!" वर्ग हसला. मेस्त्रीही हसले. तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते, आणि बावीसपैकी एकोणीस वर्षं झाली होती. हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता.

मेस्त्री पूर्वी शहरात मोटरींच्या कारखान्यात होते. अकरा वर्षं संसार झाला. मूल नव्हतं. बायको आजारी पडली आणि पावणेदोन वर्षं अंथरुणावर राहून गेली. मग कारखाना बंद पडला, आणि कुणीतरी या संस्थेची जाहिरात दाखवली. काम फिरतीचं, राहायला वर्गाच्याच मागची खोली. दुसऱ्या कुणाला ते नको झालं असतं. मेस्त्रींना त्या दिवसांत तेच हवं होतं. ज्या घराचं कुलूप उघडायला मन धजत नाही, ते घर नसलेलंच बरं. पण तात्पुरतं म्हणून धरलेलं अंगवळणी पडतं तसं झालं. दर गावी निरोपाच्या दिवशी लोक म्हणत, "मेस्त्री, येत जा हो. तुमचंच घर समजा." मेस्त्री "हो हो" म्हणत, आणि टेम्पो वळला की पुढच्या गावाचा रस्ता ड्रायव्हरला समजावून सांगायला लागत.

साठीला ते निवृत्त झाले. संस्थेच्या कार्यालयात छोटा समारंभ झाला, शाल दिली, दोघंतिघं बोलली. मग कारकुनाने फॉर्म पुढे ओढला.

"पत्ता सांगा."

"कशाला?"

"फंडाचे कागद पाठवायचे ना. कुठे पाठवू?"

मेस्त्री बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. कारकुनाला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. त्याने मोठ्याने पुन्हा विचारलं. तेव्हा मेस्त्रींनी एका गावाचं नाव सांगितलं. त्या गावात सहा वर्षांपूर्वी त्यांना कडक ताप आला होता, वर्ग चार दिवस बंद होता, आणि वर्गातली माणसं पाळी लावल्यासारखी दारात डोकावून जात होती. आत कुणी यायचं नाही, तापाची भीती. नुसतं दारातून विचारायचं, "मेस्त्री, आहात ना?" आणि मेस्त्री आतून म्हणायचे, "आहे." एवढ्याशा भांडवलावर त्यांनी उरलेलं आयुष्य त्या गावात मांडलं.

पिठाच्या गिरणीमागे त्यांना खोली मिळाली. भिंतीच्या फटीतून पीठ यायचं आणि पेटीवर, उशीवर, मेस्त्रींच्या भुवयांवर बसायचं. गिरणीवाल्या वहिनींचा सगळा जन्म पट्ट्याच्या आवाजावर मात करून बोलण्यात गेलेला. गिरणी बंद असतानाही त्या तशाच बोलत, त्यामुळे त्यांनी "चहा घेता का?" विचारलं तरी भांडण काढल्यासारखं वाटे.

पहिल्याच आठवड्यात मेस्त्री आत्यांना भेटायला गेले. आत्या गावातल्या गटाच्या अध्यक्ष. त्यांना सगळं गाव आत्याच म्हणे, वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. एकदा नवऱ्याच्या तोंडूनही चुकून निघून गेलं होतं म्हणे, आणि त्याने ते पुढे तसंच चालू ठेवलं.

"मला गटात यायचंय," मेस्त्री म्हणाले.

आत्यांनी त्यांना बसायला दिलं आणि नियम सांगितले. नियम मेस्त्रींना पाठ होते. बावीस वर्षं दुसऱ्यांना त्यांनीच तर समजावले होते. पण त्यांनी ते नव्याने ऐकल्यासारखे ऐकले. गावात सलग एक वर्ष राहिलेलं असावं. आणि गटातल्या दोन माणसांनी हमी द्यावी. हमी म्हणजे, हा माणूस चुकला तर त्याच्याबद्दल आम्ही उत्तर देऊ. एका सभासदाला दोनच माणसांची हमी देता येते. उदार होऊन गावभर हमी वाटल्या की तिला काही किंमत राहत नाही, हे लोक पहिल्याच वर्षी ठेच खाऊन शिकले होते.

"वर्षाने या," आत्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी नियम मोडला तर उद्या माझा भाचा म्हणेल माझ्यासाठी मोडा."

"बरोबर आहे," मेस्त्री म्हणाले. ते खरोखरच बरोबर होतं.

ते वर्ष लांबलचक गेलं. मेस्त्रींनी खोलीला चुना दिला, दाराची बिजागरी बदलली, वहिनींच्या मोटरीला तेलपाणी केलं. मग करायला काही उरलं नाही. तीन महिने झाले तेव्हा एका सकाळी ते सवयीने गादी वळकटायला लागले, दोरीची गाठ मारून झाली, आणि मग तसेच वळकटीवर बसून राहिले.

गुरुवारी सकाळी आठ ते नऊ शाळेच्या मागच्या खोलीत गटाची बैठक असे. शाळा बोळापलीकडे. वहिनी सभासद, त्यामुळे तेवढा एक तास गिरणी बंद. एरवी न ऐकू येणारं सगळं मेस्त्रींना खोलीत ऐकू येई. आत्या हजेरी घेत, एकेक आवाज "हजर" म्हणे, कुणीतरी उशिरा आलेलं ओशाळून हसे, मग काहीतरी वाद, आणि मधेच सगळ्यांचं एकदम हसू. कशाला हसले ते कळत नसे. मेस्त्री दाढी करता करता थांबत आणि आरशात न बघता कान देत. नऊ वाजता पट्टा सुरू झाला की सगळं त्यात बुडून जाई.

आणि एक गोष्ट त्यांना टोचत होती. या गावातला त्यांचा सगळ्यात चांगला विद्यार्थी त्यांना टाळत होता.

त्याचं टोपणनाव मोजक्या. एक तर बोलणं मोजकं, आणि दुसरं म्हणजे फेरे भरताना तो मोठ्याने मोजायचा. त्याने संस्थेकडून कर्ज काढून फाट्यावर दुकान टाकलं होतं. पाचसहा गावांच्या मोटरी त्याच्याकडे यायच्या. मेस्त्री गावात राहायला आले त्या दिवशी तो भेटायला आला, पाया पडला, आणि नंतर दिसेनासा झाला. रस्त्यात समोर आला तर सायकलची चेन बघायला वाकायचा.

वर्ष भरलं. मेस्त्रींनी अर्ज केला. त्या गुरुवारी त्यांना खोलीत बोलावलं. सतरंजीवर अठ्ठावीस माणसं, बायका जास्त, पुरुष नऊ. मेस्त्री धुतलेला सदरा घालून दाराशी बसले. आत्यांनी अर्ज वाचला.

"कुणाची हरकत?"

कुणाची हरकत नव्हती. "मेस्त्रींना कोण नाही म्हणेल?" असं दोघंतिघं म्हणाली.

"मग हमी कोण देतं?"

"माझी एक घ्या लिहून!" वहिनी ओरडल्या. म्हणजे साधंच बोलल्या.

"दुसरी?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक बाई पदर सारखा करत म्हणाली, "मेस्त्री, वाईट वाटून घेऊ नका हो. माझी एक जावेला गेली, एक भावाला."

"माझ्या दोन्ही घरातच आहेत," दुसरा म्हणाला. मग एकामागून एक सगळे सांगायला लागले, खिसे उलटे करून दाखवावेत तसे. कुणाची दिराला, कुणाची जावयाला, कुणाची शेजारणीला, जिने वीस वर्षांपूर्वी बाळंतपण केलं होतं. कुणाच्या मनात काही वाकडं नव्हतं. प्रत्येकाने आपल्या दोन जागा आपल्या माणसांना दिल्या होत्या, आणि मेस्त्री चांगले असले तरी कुणाचे नव्हते.

"मेस्त्री, लग्न करून टाका," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "बायको देईल हमी!"

सगळे हसले. बोळापलीकडून वर्षभर ऐकलेलं हेच ते हसू. मेस्त्रींनीही त्यात आपलं हसू मिसळलं.

मोजक्याची एक जागा मोकळी होती. त्याचा काका गेल्या साली गाव सोडून गेला होता, आणि हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकदोघांनी त्याच्याकडे पाहिलंही. तो वॉर्निशने काळी झालेली नखं बघत होता. "अर्ज राहू दे," आत्या शेवटी म्हणाल्या. "पुढे बघू."

दोन दिवसांनी मेस्त्री फाट्यावर गेले. मोजक्या मशीनसमोर बसला होता. उठला, स्टूल पुसलं.

"या मेस्त्री. बसा."

"तुला वाटतं मी दुकान काढीन."

"मी असं कुठे म्हटलं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? वर्ष झालं, तू गिरणीच्या बाजूला फिरकत नाहीस. दळण बायकोला आणायला लावतोस."

मोजक्याने तारेचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडवलं. मग एकदम म्हणाला, "मेस्त्री, जळून जळून किती मोटरी जळणार वर्षाला? एकाचं पोट कसंबसं भागतं. गिऱ्हाईक मला माझ्या तोंडावर विचारतं, तुझा गुरूच आलाय, त्याच्याकडे टाकू का? काय सांगू मी?"

"सांग, मेस्त्री म्हातारा झाला, हात थरथरतात."

"थरथरतात?"

"नाही."

मोजक्याला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. मेस्त्री म्हणाले, "मी कागदावर लिहून देतो. गावात दुकान काढणार नाही, एक मोटर उघडणार नाही."

"मग गटात कशाला यायचंय तुम्हाला? कर्ज काढून करणार काय?"

या प्रश्नाची उत्तरं मेस्त्रींनी तयार ठेवली होती. आजारपण आहे, अडीअडचण आहे, म्हातारपणी पत असलेली बरी. ऐन वेळी त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"ते हजेरी घेतात ना," ते म्हणाले.

"हो. मग?"

"तेवढ्यासाठी."

मोजक्याने रीळ हातात घेतलं. त्याला कळलं नसेल असं नाही. पण कळलेल्या गोष्टीचं पुढे काय करायचं हे सगळ्यांनाच जमतं असं नाही. "बघतो," तो पुटपुटला, मशीनकडे वळला आणि मोठ्याने मोजायला लागला. "एक, दोन, तीन..." मोजणाऱ्याशी बोलायचं नाही, हे त्याला मेस्त्रींनीच शिकवलं होतं. मेस्त्री तीसपर्यंत थांबले आणि निघाले.

महिनाभराने आत्या स्वतः खोलीवर आल्या. गिरणी चालू होती, त्यामुळे जे हळू बोलायचं ते त्यांना ओरडून बोलावं लागलं.

"माझा दीर मुलाकडे चाललाय, कायमचा! गट सोडतोय! माझी एक जागा सुटली, ती तुम्हाला देते!"

मेस्त्रींनी हात जोडले.

"हात नका जोडू! स्पष्ट सांगते, मी जिव्हाळ्याने देते असं समजू नका! मी तुम्हाला ओळखते किती? गट चालवायचा तर अर्ज असा लोंबकळत ठेवता येत नाही, म्हणून देते!"

"चालेल," मेस्त्री म्हणाले. ते आत्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मेस्त्रींनी पुन्हा ओरडून सांगितलं, "चालेल!"

आत्या गेल्यावर ते उंबऱ्यातच उभे राहिले. त्यांना वाटलं होतं, कुणीतरी उठून म्हणेल, हा माणूस माझा. मिळालं ते असं मिळालं. पण मागून घेतलेल्या वस्तूला उजेडात धरून बघू नये, एवढं त्यांना कळत होतं.

हजेरीत त्यांना शेवटचा, अठ्ठाविसावा नंबर मिळाला. पहिल्या गुरुवारी आत्यांनी "मेस्त्री" म्हणताच त्यांनी इतक्या जोरात "हजर" म्हटलं की पुढची बाई दचकली. मग कर्जाचे अर्ज झाले, वाद झाला, आणि काम संपल्यावर जरा इकडचं तिकडचं बोलणं. कुणाची गाय व्याली होती. कुणाची मुलगी परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली होती आणि घरात अबोला होता. कुणाच्या छपराचे पत्रे उडाले होते. "मेस्त्री, तुमचं काय?" एकाने विचारलं.

"ठीक," मेस्त्री म्हणाले. त्यांनी आठवून पाहिलं, पण सांगण्यासारखं आठवड्यात काही घडलं नव्हतं. दुसऱ्या गुरुवारी त्यांनी स्टोव्हचा वॉशर गेल्याचं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. गुरुवारचा तास सोडला तर बाकीचा आठवडा होता तसाच राहिला.

मग एक वेगळीच गोष्ट झाली. गटात मोठं कर्ज काढायचं तर तिसरी हमी लागे, आणि तिसरी हमी गावात सोन्यासारखी दुर्मिळ. अशात कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की मेस्त्रींच्या दोन्ही जागा कोऱ्या आहेत. ना जावई, ना मेव्हणा, ना भाऊ. आठवडाभरात ही बातमी गावभर झाली. असतील शितं तर जमतील भुतं. संध्याकाळी गिरणी थांबली की मेस्त्रींच्या दाराशी चपला दिसायला लागल्या. ज्याचे पत्रे उडाले होते तो आला. नापास मुलीची आई आली, मुलीलाही घेऊन आली. गिरणीवाल्या वहिनींची सून आली, तिला तेलाचा छोटा घाणा घ्यायचा होता. कुणी तासभर बसे, घरातलं सगळं सांगे, मेस्त्रींची तब्येत विचारे. मेस्त्रींनी आणखी चार कप विकत घेतले.

"विचार करतो," ते प्रत्येकाला सांगत. "पुढच्या आठवड्यात या."

आणि माणसं पुढच्या आठवड्यात येत. त्या दिवसांत मेस्त्री आनंदात होते हे लपवण्यात अर्थ नाही. दुपारपासून ते दूध आणून ठेवत, स्टोव्ह पुसून ठेवत. कोणाला हमी द्यायची हे त्यांनी खरं तर ठरवलंच नव्हतं. एकदा जागा भरल्या की दाराशी चपला दिसणार नाहीत, हा हिशोब त्यांना पहिल्या दिवशीच उमगला होता. पाच महिने त्यांनी असे काढले.

एका गुरुवारी बैठक सुटल्यावर आत्यांनी त्यांना थांबवलं.

"मेस्त्री, तुम्ही लोकांना खेळवताय."

"नाही हो, मी विचार..."

"वहिनींच्या सुनेचा घाणा हातचा गेला. विकणाऱ्याने दुसऱ्याला दिला. पाच महिने ती तुमच्या दारात चहा पितेय. चहा तिला घरी मिळत नाही का?"

मेस्त्रींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. साठी उलटलेला माणूस, पण वर्गात तार वाया घालवताना पकडल्यासारखा उभा राहिला. आत्यांनी अजून बोलावं असं त्यांना वाटत होतं, म्हणजे निदान फेडल्यासारखं झालं असतं. आत्या पिशवी उचलून गेल्या.

त्याच संध्याकाळी ते वहिनींच्या दारात जाऊन सुनेला म्हणाले, "माझी हमी घे. चुकलं माझं." सुनेने हो म्हटलं, पण नजर दिली नाही. तिने दुसरा घाणा शोधला. तो महाग पडला.

दुसऱ्या जागेसाठी शेवटी मोजक्या आला. आत आला पण बसला नाही.

"मला लेथ घ्यायचंय," तो म्हणाला. "शाफ्ट झिजला की कातून घ्यायला शहरात पाठवावा लागतो, त्यात आठवडा जातो. मोठं कर्ज आहे. मी तुम्हाला हमी दिली नव्हती. तुम्ही नाही म्हणालात तर मला राग नाही."

"नवं की जुनं?"

"काय?"

"लेथ."

"जुनं."

"बेड बघितलास? हत्यार पुढेमागे सरकून तो पुढच्या अंगाला झिजलेला असतो. पट्टी आडवी ठेवून बघायचं, खालून उजेड दिसतो का."

"नाही बघितलं."

"मग बस," मेस्त्री म्हणाले.

मोजक्या बसला. अर्धा तास दोघं लेथबद्दल बोलले, दुसऱ्या कशाबद्दलही नाही. जे बोलायला हवं होतं ते दोघांच्या मधे चहाच्या कपांशेजारी पडून होतं आणि दोघांनीही त्याला हात लावला नाही. रविवारी दोघं बसने जाऊन लेथ बघून आले. जाताना खिडकीत मोजक्या, येताना मेस्त्री. गुरुवारी मेस्त्रींनी सही केली.

आणि त्यांनी गृहीत धरलं होतं तसंच झालं. दाराशी चपला दिसेनाशा झाल्या. लोक काही रागावले नव्हते, त्यांचं मेस्त्रींकडे काम उरलं नव्हतं. सहापैकी पाच कप मेस्त्रींनी धुऊन, कोरडे करून कागदात बांधून पेटीत ठेवले. एक बाहेर राहिला.

पण कर्जाची हमी देणाऱ्याच्या मागे एक काम असे. महिन्यातून एकदा जाऊन ज्याची हमी दिली त्याचं काम बघायचं आणि वहीत दोन ओळी लिहून सही करायची. बहुतेक लोक ही सही घरबसल्याच करत, घरातल्याच माणसाकडे कशाला जायचं? मेस्त्री एक तारखेला फाट्यावर जात. मोजक्या स्टूल देई. लेथवरून लोखंडाचे कुरळे तुकडे पडत राहत आणि मेस्त्री बघत बसत. त्यांना दोनतीन चुका दिसत, एखादी ते सांगत, बाकीच्या सोडून देत. मग लिहीत, "काम नीट चालू आहे." पुढे तीन तारखेलाच पुन्हा जावंसं वाटे. एकदोनदा ते गेलेही, पण मोजक्याने विचारलं, "काही विसरलं का, मेस्त्री?" विचारण्यात वाईट काही नव्हतं. तरी त्यानंतर ते एक तारखेचेच झाले.

सव्वादोन वर्षांत मोजक्याने कर्ज फेडलं. बैठकीत टाळ्या वाजल्या, त्याने सगळ्यांना पेढ्यासारखं काही न देता एकेक लिमलेटची गोळी दिली, आणि "मोजक्याच दिल्या!" म्हणून त्याची थट्टा झाली. मेस्त्रींची जागा मोकळी झाली. गोळी गालात धरूनच ते उभे राहिले.

"माझी एक सुटली," ते म्हणाले. "कुणाला पाहिजे?"

बसलेल्यांत कुजबुज झाली. मोकळी झालेली हमी लोक महिना-दोन महिने तरी मुठीत ठेवत. आत्यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं.

ती जागा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका बाईला गेली. ती वेताच्या खुर्च्या विणते, संस्थेच्याच वर्गात शिकलेली. ती गटात नुकतीच आली होती, त्याआधी मेस्त्रींनी तिला कधी पाहिलंही नव्हतं. तिचं घर ओढ्यापलीकडे, जायला पाऊण तास लागतो. आता मेस्त्री सहासष्ट वर्षांचे आहेत आणि गुडघा दुखतो. एक तारखेला ते जेवून निघतात, वाटेत पुलाच्या कठड्यावर दोनदा बसतात. ती बाई फारशी बोलत नाही. ते आले की भिजवलेला वेत बाजूला सारते, हात पुसते आणि आतून वही आणते. मेस्त्री विणलेल्या खुर्च्यांवरून हात फिरवतात. या कामातलं त्यांना काही कळत नाही, त्यामुळे चुकाही दिसत नाहीत. ते लिहितात, सही करतात. ती पाणी देते. ते पितात.

"बरं, येतो," ते म्हणतात.

"हो," ती म्हणते, आणि पुन्हा विणायला बसते. मेस्त्री ओढ्याच्या दिशेने उतरायला लागतात.